एक वाजून दहा मिनिटे

दुपारचे एक वाजून दहा मिनिटे झाली आहेत. दहावीचा ‘गणित भाग २’, म्हणजे घरोघरी ‘भूमिती’ याच नावाने ओळखला जाणारा पेपर नुकताच सुटला आहे. फाटकाबाहेर उन्हात ताटकळलेल्या एका वडिलांनी मुलीच्या हातातला पॅड आणि पाण्याची बाटली घ्यायच्या आधी प्रश्नपत्रिका घेतली आहे. “प्रमेय आलं ना? याचं उत्तर किती काढलंस?” ती उत्तर देते, वडिलांच्या कपाळावरची आठी पाहते आणि पुढचे उत्तर पुटपुटत देते.

पूर्वी प्रश्नपत्रिका वाचण्यासाठी सुरुवातीला मिळणारी दहा मिनिटे राज्य मंडळाने २०२३ पासून पेपरच्या शेवटी जोडली आहेत. त्यामुळे लिहिताना मुलांना जो थोडा दिलासा मिळतो, तो फाटकाशी दोन मिनिटांत संपतो, हे आपल्या लक्षातही येत नाही.

खरे तर हा पेपर केवळ ४० गुणांचा असतो. बीजगणिताचे ४० आणि अंतर्गत मूल्यमापनाचे २० धरून गणिताचे १०० होतात. त्यातूनही एखादा विषय राहिलाच, तर पुरवणी परीक्षा त्याच वर्षी होते आणि दोन विषयांपर्यंत एटीकेटीची, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवण्याची, सवलत घेऊन अकरावीत प्रवेशही मिळतो. हे नियम बहुतेक घरांत निकालाच्या दिवशी शोधले जातात. ते जूनमध्येच, दहावीचे वर्ष सुरू होताना, मुलांसमोर मोकळेपणाने बोलले गेले, तर मार्चमधली भीती पुष्कळ आटोक्यात राहते, असे आम्हाला वाटते. “असं सांगितलं तर पोरं अभ्यासच सोडतील,” ही शंकाही ऐकू येते. मात्र धास्तावलेल्या मुलाला पाठ असलेले प्रमेयही ऐनवेळी आठवत नाही.

या वयात आठ ते दहा तासांची झोप लागते, आणि वाचलेले पक्के होण्यातही झोपेचा वाटा असतो. तरीही पहाटे चारचा गजर लावणे आपल्याकडे कौतुकाचे ठरते. सतत पोट दुखणे, जेवण टाळणे, मित्रांशी बोलणे तोडणे यांना ‘नखरे’ म्हणू नये. “जगणं नकोसं वाटतं का?” असे थेट विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही, उलट मनातले बोलायला वाट मिळते. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही बोलता येते.

वडिलांनी प्रश्नपत्रिका घडी घालून खिशात ठेवली आहे. मुलगी बाटलीतले उरलेले पाणी पिते आहे. विज्ञानाचा पेपर परवा आहे.