नफा वाढला, पैसे कुठे आहेत?

नमस्कार. नमनाला घडाभर तेल घालत नाही, थेट विषयावर येतो. समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांकडे एसएमई, म्हणजे छोट्या-मध्यम, कंपन्यांचे शेअर आहेत, हे मघाशी चहाच्या वेळी कानावर आलंच. 14 नोव्हेंबर नुकताच होऊन गेला. इतरांचा तो बालदिन, आपल्यासाठी सहामाही निकालांची शेवटची तारीख. आणि छोट्या कंपन्यांचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. 45 दिवस दिले की 45व्या दिवशी संध्याकाळीच संचालक मंडळाची बैठक भरते.

आधी ही सहामाहीची भानगड काय ते थोडक्यात सांगतो. 2012 साली मुंबई शेअर बाजार आणि राष्ट्रीय शेअर बाजार या दोघांनीही छोट्या कंपन्यांसाठी वेगळा मंच सुरू केला. इश्यूनंतरचं, म्हणजे लोकांना शेअर विकून झाल्यावरचं, भरणा झालेलं भांडवल 25 कोटींपर्यंत असलेल्या कंपन्यांसाठी. या कंपन्यांकडे हिशेबाला दोन माणसं, त्यातलाच एक बँकेत जाणारा. म्हणून त्यांना सवलत मिळाली. मोठ्या कंपन्यांसारखे दर तीन महिन्यांनी नाही, तर सहा महिन्यांनी निकाल द्यायचे. सप्टेंबरअखेरचे 45 दिवसांत, आणि वर्षअखेरचे, ऑडिट झालेले, 60 दिवसांत. सवलत योग्यच आहे, माझी तक्रार नाही. पण त्याचा अर्थ असा की कंपनीत काय चाललंय हे भागधारकाला वर्षातून दोनदाच धडपणे कळतं. त्यातही गंमत बघा. वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत उरकलेली असते. सहामाही निकाल येतात नोव्हेंबरात. म्हणजे हे आकडे बघून जो प्रश्न मनात येईल, तो समोरासमोर विचारायला पुढच्या सभेपर्यंत थांबायचं.

तर 14 तारखेच्या रात्री काय होतं? बाजाराच्या संकेतस्थळावर एक पीडीएफ चढते. तिरकी स्कॅन केलेली, त्यावर गोल शिक्का, आकडे लाखांत. दहा मिनिटांत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी लिहितो, ‘सेल 40 टक्के अप, पीएटी 60 टक्के अप’ (पीएटी म्हणजे करानंतरचा निव्वळ नफा), आणि पुढे रॉकेटचं चित्र. दुसऱ्या दिवशी बाजार उघडताच शेअर अप्पर सर्किटला, म्हणजे एका दिवसात भाव जितका चढू शकतो त्या मर्यादेला. ज्यांच्याकडे आहे ते खूश, ज्यांच्याकडे नाही ते हळहळतात. पीडीएफची पुढची पानं उघडलेल्यांची संख्या मात्र या दोन्ही गटांत फार नसते.

आज मला तुमच्याकडून ती पुढची पानं उघडून घ्यायची आहेत. त्यासाठी एक कंपनी घेऊ. काल्पनिक आहे, नाव देत नाही, उगाच उद्या कोणी विकत घ्यायला जाल. समजा, नाशिकला सातपूरमध्ये इलेक्ट्रिकल कंट्रोल पॅनेल बनवणारा कारखाना. पहिल्या पानावर तीन रकाने आहेत: यंदाची सहामाही, गेल्या वर्षीची हीच सहामाही आणि मार्चअखेरचं पूर्ण वर्ष. विक्री यंदा 4,215 लाख, गेल्या वर्षी याच सहामाहीत 3,010 लाख. निव्वळ नफा 410 लाख, तेव्हा 256 लाख. म्हणजे ग्रुपवरच्या माणसानं खोटं काही लिहिलं नाही. विक्री 40 टक्के, नफा 60 टक्के वाढलाच आहे.

आता तिसऱ्या रकान्याकडे बघा. गेलं पूर्ण वर्ष 6,900 लाख. त्यातून पहिली सहामाही वजा केली की मागच्या ऑक्टोबर ते मार्चची विक्री निघते, 3,890 लाख. तिच्याशी तुलना केली तर वाढ जेमतेम 8 टक्के. मग 40 टक्के खरे की 8 टक्के? दोन्ही खरे. ज्या धंद्यात मार्चला सरकारी बिलं निघतात किंवा पावसाळ्यात साइटवरचं काम थांबतं, तिथे गेल्या वर्षीच्या त्याच सहामाहीशी तुलना करणंच रास्त. आणि दसरा-दिवाळी सप्टेंबरअखेरच्या किती जवळ येते यावरही ग्राहकोपयोगी मालाच्या कंपन्यांचे आकडे इकडचे तिकडे होतात. हे सगळं ठीक. मला त्यात फार रस नाही.

रस आहे तो दुसऱ्या पानात, मालमत्ता आणि देणी यांच्या तक्त्यात, म्हणजे ताळेबंदात. व्यापारी येणी, म्हणजे ग्राहकांकडून यायची बाकी, मार्चअखेर 1,380 लाख होती. सप्टेंबरअखेर 2,690 लाख. सहा महिन्यांत 1,310 लाखांनी वाढली. आणि गेल्या वर्षीच्या तुलनेत विक्री कितीने वाढली होती? 1,205 लाखांनी. म्हणजे ज्या वाढीव विक्रीवर रॉकेट उडालं, त्यापेक्षा जास्त रक्कम अजून उधारीतच आहे. दिवसांत मोजा. मार्चला ही उधारी साधारण 73 दिवसांच्या विक्रीइतकी होती, आता 117 दिवसांच्या. इथे एक बारकावा. येण्यांमध्ये जीएसटी धरलेला असतो, विक्रीत नसतो. 18 टक्के कर काढला तर हे आकडे 62 आणि 99 होतात. म्हणून नुसत्या दिवसांच्या आकड्यानं घाबरू नका, तो कोणत्या दिशेला सरकलाय ते बघा. आणि मार्चअखेरचा आकडा तसाही जरा गोंडस असतो, कारण वर्षअखेरीला वसुलीचा धडाका लावलेला असतो. सप्टेंबरला तेवढी घाई कोणाला नसते. म्हणूनच मला सप्टेंबरचा ताळेबंद जास्त प्रामाणिक वाटतो.

आता शेवटचं पान, रोख प्रवाह. नफा 410 लाख. त्यात घसारा, म्हणजे यंत्रांच्या झिजेपोटी हिशेबात धरलेला खर्च, 90 मिळवा, कारण तो खिशातून गेलेला नाही. त्यातून येण्यांत अडकलेले 1,310 वजा. गोदामातला माल 240 नं वाढला, तेही वजा. आणि ज्यांच्याकडून कंपनी माल घेते त्यांचे पैसे 410 लाखांनी लांबवले, ते मिळवा. उत्तर येतं उणे 640 लाख. म्हणजे सहा महिने कारखाना चालला, नफा झाला असं जाहीर झालं, आणि प्रत्यक्षात धंद्यातून साडेसहा कोटी बाहेर गेले. तेही पुरवठादारांना ताटकळत ठेवून. मग पगार कशातून झाले? अल्पमुदतीची कर्जं मार्चला 720 लाख होती, आता 1,450 लाख. उत्तर तिथे लिहिलेलं आहे.

याचा अर्थ कंपनी लबाड आहे असा अजिबात नाही. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मोठा माल गेला असेल, पैसे ऑक्टोबरात आलेही असतील. मोठ्या कंपनीला माल देणाऱ्या छोट्या कारखानदाराला उधारी नाकारता येत नाही, हे औद्योगिक वसाहतीत आयुष्य काढलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. पण 60 टक्के नफावाढीला जो भाव बाजारानं सकाळी सव्वानऊला दिला, त्यात या शक्यतेची किंमत धरलेली नव्हती, एवढंच माझं म्हणणं.

ऑडिटरची सही आहे ना, असं कोणी म्हणेल. सही आहे, पण ती कशावर आहे ते वाचा. सहामाही निकालावर असतो तो मर्यादित आढावा. त्यातलं वाक्य साधारण असं असतं: आमच्या नजरेला असं काही आलेलं नाही, ज्यावरून हे विवरण चुकीचं वाटावं. ‘हे बरोबर आहे’ आणि ‘चुकीचं वाटावं असं काही दिसलं नाही’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आणि रोकड दाखवली म्हणजे रोकड असतेच, असंही समजू नका. याचं फार बोलकं उदाहरण लंडनमधलं आहे. तिथे छोट्या कंपन्यांसाठी 1995 पासून एआयएम नावाचा बाजार आहे. तिथेही सहामाही आकडे देतात, सकाळी सातला बातमी येते, आणि त्या आकड्यांचं ऑडिट बंधनकारक नाही. पॅटिसरी होल्डिंग्ज ही तिथली कंपनी, केक-पेस्ट्रीची दुकानं चालवणारी. मे 2018 मध्ये तिनं मार्चअखेरच्या सहामाहीचे निकाल दिले. विक्री वाढलेली, नफा वाढलेला, हातात 2 कोटी 88 लाख पौंड रोकड. केकच्या दुकानात उधारी नसते, त्यामुळे येण्यांचा प्रश्नच नाही. खाजगी गुंतवणूकदारांना अशी कंपनी आवडणारच. ऑक्टोबर 2018 मध्ये शेअरचे व्यवहार थांबले. तेव्हा कळलं की कंपनीच्या मुख्य उपकंपनीविरुद्ध करखात्यानं सुमारे 11 लाख पौंडांच्या थकबाकीसाठी ती गुंडाळण्याचा अर्ज केलेला आहे. जिच्या खात्यात पावणेतीन कोटींच्या वर पौंड आहेत, ती 11 लाखांचा कर थकवते? पुढच्या काही दिवसांत उघड झालं की रोकड नव्हतीच, उलट सुमारे 98 लाख पौंड निव्वळ कर्ज होतं. व्यवहार थांबले तेव्हा शेअरचा भाव 429.5 पेन्स होता. नोव्हेंबरात कंपनी वाचवण्यासाठी 50 पेन्सनं नवे शेअर काढले. ज्यांनी तेही पैसे भरले, त्यांचेही बुडाले. जानेवारी 2019 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रशासकांच्या हाती गेली.

यातून आपल्याकडे लावण्यासारखी एक तपासणी आहे. रोकड भरपूर आणि कर्जही भरपूर, असं एकाच ताळेबंदात दिसलं की थांबा. बँकेत 10 कोटी पडून असताना कोणी शहाणा माणूस 10-11 टक्क्यांनी कर्ज घेत नाही. आणि ‘इतर उत्पन्न’ बघा. एवढ्या रोकडीवर व्याज किती मिळालं? अगदीच किरकोळ असेल तर ती रोकड वर्षभर होती, की तारखेपुरती आणून ठेवली?

आता निकालाबरोबर येणाऱ्या गोड खाऊबद्दल. नफा वाढला आणि त्याच बैठकीत बोनस शेअर, किंवा शेअरचं विभाजन, किंवा प्राधान्यानं, म्हणजे निवडक लोकांनाच, शेअरवाटप. मला स्वतःला हे अजिबात आवडत नाही. ज्या कंपनीला खेळत्या भांडवलासाठी बँकेच्या दारात उभं राहावं लागतंय, तिनं बोनस कसला वाटायचा? ऑगस्ट 2024 मध्ये सेबीनं, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकानं, एसएमई गुंतवणूकदारांसाठी इशारा काढला होता, त्यात नेमकं हेच म्हटलं होतं: काही कंपन्या आणि प्रवर्तक कामकाजाचं अवास्तव चित्र उभं करतात, मग बोनस, विभाजन वगैरे जाहीर होतं, भाव चढतो आणि प्रवर्तक चढ्या भावात आपले शेअर विकतात. त्याच महिन्यात दिल्लीतल्या दोन शोरूमच्या एका दुचाकी विक्रेत्याच्या 12 कोटींच्या इश्यूला जवळपास 4,800 कोटींच्या मागण्या आल्या होत्या. सेबीचा इशारा किती जणांनी वाचला असेल, तुम्हीच ठरवा.

(मागच्या रांगेतून प्रश्न आला: ‘सर, एवढं सगळं वाचलं, पटलं. पण विकायचं की ठेवायचं?’)

विकायचं म्हटलं तरी विकता येईल का, हा पहिला प्रश्न. एसएमई शेअर लॉटमध्येच, म्हणजे ठरावीक संख्येच्या गठ्ठ्यातच, घ्यायचे-विकायचे. तुमचा एकच लॉट असेल तर अर्धा विकून अर्धा ठेवण्याची सोय नाही. 2025 पासून तर इश्यूमध्ये अर्जच दोन लाखांच्या वरचा लागतो, म्हणजे अडकलेली रक्कम लहान नाही. मार्केट मेकर असतो, त्याला खरेदी-विक्रीचे भाव द्यावे लागतात, पण त्याचं बंधन लिस्टिंगपासून, म्हणजे शेअर बाजारात आल्यापासून, तीन वर्षांचं. निकाल वाईट म्हणून सगळ्यांना एकाच सकाळी विकायचं असतं, शेअर लोअर सर्किटला, म्हणजे दिवसाच्या खालच्या मर्यादेला, लागतो आणि समोर घेणारा कोणी नसतो. पाच-पाच टक्क्यांनी रोज खाली, आणि तुमची ऑर्डर रांगेत पडलेली. म्हणून विकण्याचा विचार करायचाच असेल तर तो चांगल्या दिसणाऱ्या निकालाच्या दिवशी करा, जेव्हा अप्पर सर्किटला घेणारे उभे असतात. आपल्या सातपूरच्या कंपनीच्या शेअरचे माझ्याकडे दोन लॉट असते, तर मी त्या सकाळी एक विकला असता.

आणि दुसरा ठेवून कंपनी सेक्रेटरीला मेल केला असता. त्यांचं नाव आणि पत्ता त्या पीडीएफच्या खाली असतोच. भावावर परिणाम करणारी अप्रकाशित माहिती ते एकट्या तुम्हाला देऊ शकत नाहीत, तेव्हा ‘पुढची सहामाही कशी जाईल’ असलं काही विचारू नका. विचारा की येण्यांपैकी सहा महिन्यांपेक्षा जुनी किती, आणि सगळ्यात मोठ्या एका ग्राहकाचा त्यात वाटा किती. इश्यूत जमवलेले पैसे ठरल्या कामालाच लागले का, याचं विवरण बाजाराकडे द्यावं लागतं, ते आधी स्वतः वाचा. मेलचं उत्तर आठ दिवसांत नीट, आकड्यांसकट आलं तर दुसरा लॉट मार्चअखेरच्या निकालापर्यंत ठेवा. ‘कंपनीचे भवितव्य उज्ज्वल आहे’ एवढंच उत्तर आलं, किंवा काहीच आलं नाही, तर पुढच्या अप्पर सर्किटची वाट बघा आणि तोही देऊन टाका.