पडद्याकडे बघणारी बंदूक

(मालवणातील एका वाचनालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

अध्यक्ष महाराज, वाचनालयाचे कार्यकर्ते आणि भर पावसात इथवर आलेले श्रोतेहो,

आजचा विषय पत्रिकेवर 'व्हिडिओ गेम पार्लरमधली नेमबाजीची जुनी यंत्रे आणि खाऱ्या हवेत त्यांची निगा' असा छापला आहे. निगेकडे मी येणारच आहे. पण ज्या वस्तूची निगा राखायची ती नेमकी कोणती, हे आधी ठरायला हवे, आणि माझे सगळे भांडण त्याच ठिकाणी आहे. कुडाळात चाळीस वर्षे रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करताना मी पाहत आलो आहे की, यंत्र बिघडले म्हणजे लोक त्यातला 'खेळ' वाचवतात आणि बाकीचे भंगारात देतात. चिपमधला प्रोग्रॅम म्हणजेच खेळ, अशी त्यांची समजूत असते. माझे म्हणणे असे आहे की, नेमबाजीच्या यंत्रात प्रोग्रॅम, पिक्चर ट्यूब, बंदूक आणि लाकडी पेटी ही चारही मिळून एकच वस्तू होते, आणि त्यातली ट्यूब काढली तर बंदूक आंधळी होते. आंधळी हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही. तो अक्षरशः खरा कसा आहे, ते आता सांगतो.

आंगणेवाडीच्या किंवा कुणकेश्वरच्या जत्रेत फुगे फोडण्याच्या दुकानासमोर कधीच उभा राहिला नाही, असा माणूस या सभागृहात बहुधा नसेल. फळीवर रंगीत फुग्यांच्या रांगा असतात, हातात छऱ्यांची बंदूक असते, आणि नळी थोडी वाकडी असल्यामुळे जाणकार मंडळी आधीच दोन बोटे डावीकडे नेम धरतात. तिथला व्यवहार सरळ आहे. बंदुकीतून छरा निघतो आणि फुग्याला लागतो. पार्लरमधल्या बंदुकीतून मात्र पडद्याकडे काहीच जात नाही. छरा नाही आणि प्रकाशाचा किरणसुद्धा नाही. मग पडद्यावरचे बदक पडते कसे?

गंमत अशी की, सुरुवातीला किरण खरोखरच जात असे. अमेरिकेतल्या सीबर्ग या कंपनीने 1936 साली 'रे-ओ-लाइट' नावाचे यंत्र काढले. त्यात रायफलीच्या नळीतून प्रकाशाचा झोत निघे, आणि पुढे सरकणाऱ्या बदकाच्या अंगात प्रकाश ओळखणारी नळी बसवलेली असे. झोत तिच्यावर पडला की बदक कोसळे. म्हणजे तेव्हा डोळा बदकाला होता. पुढे पडदा आला आणि हा मामला उलटा झाला. पडद्यावरच्या बदकाला डोळा बसवणे शक्य नव्हते, म्हणून तो बंदुकीच्या नळीत बसवला गेला. पडदा प्रकाश देतो आणि बंदूक तो बघते.

इथे ज्यांच्या घरी नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता, त्यांनी हात वर करावेत. बरेच हात दिसत आहेत. आता यातल्या ज्यांना बदक चुकल्यावर हसणाऱ्या कुत्र्याला गोळी घालावीशी वाटली होती, त्यांनी हात तसेच ठेवावेत. एकही हात खाली आलेला नाही, त्यामुळे आपण योग्य मंडळींसमोर बोलतो आहोत याची मला खात्री पटली. हा निन्टेन्डोचा 'डक हंट', 1984 चा. त्याच वर्षी त्याची पार्लरसाठीची आवृत्तीही निघाली. तुम्ही घोडा दाबता त्या क्षणी सगळा पडदा एका चित्रापुरता, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागापुरता, पूर्ण काळा होतो. पुढच्या चित्रात फक्त बदकाच्या जागी एक पांढरा चौकोन उमटतो. बदके दोन असतील तर एका चित्रात पहिल्याचा चौकोन आणि त्याच्या पुढच्या चित्रात दुसऱ्याचा. नळीतल्या प्रकाश-ट्रान्झिस्टरला, म्हणजे उजेड ओळखणाऱ्या त्या डोळ्याला, आधी अंधार आणि मग उजेड दिसला तर नेम लागला, आणि कोणत्या चित्रात उजेड दिसला त्यावरून कोणते बदक पडले ते ठरते. आधीचा अंधार मुद्दाम ठेवलेला आहे, कारण तो नसता तर एखाद्या हुशार मुलाने बंदूक छतावरच्या बल्बकडे रोखून सगळी बदके पाडली असती.

नंतरच्या यंत्रांतली रीत याहून बारीक आहे. पिक्चर ट्यूबमध्ये अख्खे चित्र एकदम उमटत नाही. इलेक्ट्रॉनचा झोत शेतात नांगर फिरावा तसा एकेक ओळ ओढत वरून खाली येतो. एका ओळीला सुमारे 63.5 मायक्रोसेकंद लागतात, आणि अशा 262 ओळींचे एक चित्र होते. बंदूक पडद्याच्या ज्या बिंदूकडे रोखलेली असते, तिथून झोत गेला की नळीतला डोळा लगेच इशारा देतो. चित्र सुरू झाल्यापासून त्या इशाऱ्यापर्यंत किती वेळ गेला ते यंत्र मोजते आणि त्यावरून ओळ कितवी आणि ओळीतली जागा कोणती, ते काढते. सुतार इंचपट्टीने माप घेतो, आणि हे यंत्र घड्याळाने जागा मोजते, तेही मायक्रोसेकंदाच्या लहानशा भागाइतक्या अचूकपणे. मी पहिल्यांदा ऑसिलोस्कोपवर, म्हणजे विजेचे चढउतार पडद्यावर रेघेने दाखवणाऱ्या उपकरणावर, तो इशारा पाहिला, तेव्हा ट्यूबसमोर बंदूक हळूहळू डावीकडून उजवीकडे नेली, आणि स्कोपवरचा एवढासा काटेरी उंचवटा तितक्याच हळू सरकत गेला. रात्रीचे दोन वाजले होते आणि घरात सगळे झोपलेले होते. एखाद्याला उठवून हे दाखवावे, असे मला मनापासून वाटले.

आता माझे गाऱ्हाणे ऐका. मुंबईतले एक पार्लर बंद झाले, तेव्हा तिथले दोन बंदुकांचे एक मोठे यंत्र माझ्याकडे आले. पेटीचा तळ पावाने चहा प्यावा तसे पाणी पिऊन फुगला होता, आणि ट्यूबच्या मागच्या सर्किटातले निम्मे कंडेन्सर सुकले होते. त्यावर मी दोन पावसाळे काम केले. तळ फणसाच्या लाकडाचा नवा केला, कंडेन्सर बदलले, ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेले टाके, शोधून शोधून पुन्हा टाके दिले, आणि बंदुकांची भिंगे पुसून नेम बसवला. किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टने ते हौसेने मागितले, आणि लोक खेळतील या आनंदात मी ते दिले.

पुढच्या मे महिन्यात पुतण्याला घेऊन तिथे गेलो. यंत्र दिव्यांत झगमगत होते. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी दोन्ही हातांनी बंदूक धरून, डोळा बारीक करून घोडा दाबत होती, आणि पडद्यावर काहीही होत नव्हते. टकटक आवाज तेवढा येत होता. शेवटी तिने वडिलांकडे वळून विचारले, "बाबा, मला जमत नाही का?" मी पुढे होऊन पाहिले, तर ट्यूबच्या जागी सपाट एलसीडी बसवलेला होता. 'चित्र स्वच्छ दिसावे म्हणून' तो बसवला, असे व्यवस्थापकाने मला कौतुकाने सांगितले. ट्यूब कुठे आहे विचारले, तर ती मागच्या माडाच्या बागेत नारळाच्या सोडणांच्या ढिगावर पालथी पडली होती, आणि तिची मागची बारीक मान मोडलेली होती. मान मोडली म्हणजे आत हवा शिरते आणि ट्यूब कायमची संपते. तसली ट्यूब आता बनत नाही.

त्या व्यवस्थापकाचा हेतू वाईट नव्हता, हे मी मान्य करतो. पण एलसीडीवर ओळ ओढणारा झोतच नसतो. शिवाय जुने चित्र नव्या पडद्यावर दाखवायला मध्ये कन्व्हर्टर कार्ड लागते, आणि त्यात चित्र काही क्षण अडकते. यंत्र विचारते, 'आत्ता उजेड दिसला का?' आणि उजेड पोचतो पुढच्या किंवा त्याही पुढच्या चित्रात. बंदूक प्रामाणिकपणे सांगते की नाही दिसला. तिच्या या खऱ्या उत्तराची शिक्षा त्या मुलीला झाली, आणि आपल्यालाच नेम धरता येत नाही असे वाटून ती निघून गेली. याचा मला आजही राग आहे.

एक अपवाद सांगणे न्यायाचे होईल. काही यंत्रांत बंदूक पेटीला कायमची जखडलेली असते आणि तिच्या खुंटीखाली दोन पोटेन्शिओमीटर असतात; रेडिओच्या आवाजाच्या बटणाखाली असतात तसेच. मिडवे या कंपनीचे 1991 चे 'टर्मिनेटर टू' या जातीचे आहे. ही बंदूक पडद्याकडे पाहतच नाही, आपण किती वळलो एवढेच सांगते. तिच्यापुढे कोणताही पडदा चालेल. म्हणून पडदा बदलण्याआधी बंदुकीची जात विचारावी, एवढीच माझी विनंती आहे.

पेटीचा आणि सर्किटाचा खेळात किती वाटा असतो, याचे आणखी एक उदाहरण दिल्यावाचून मला राहवत नाही. तोमोहिरो निशिकादो यांनी टाइटो या जपानी कंपनीसाठी 1978 मध्ये 'स्पेस इन्व्हेडर्स' केला, तेव्हा प्रोग्रॅमबरोबर त्याचे सर्किटही त्यांनी स्वतःच रचले. पडद्यावर 55 आक्रमक असतात. त्यातला इंटेल 8080 प्रोसेसर एका चित्रात एकच आक्रमक सरकवतो, त्यामुळे 55 जण असताना सगळ्यांचे एक पाऊल पडायला 55 चित्रे लागतात, आणि शेवटचा एकटा उरला की तो प्रत्येक चित्रात पळतो. आपल्या छातीत धडधड वाढवणारा तो वेग यंत्राच्या संथपणातून आला, आणि निशिकादो यांनी तो पाहून तसाच ठेवला. पडदा काळापांढरा होता. रंगासाठी काचेवर सेलोफेनच्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या, म्हणून खाली उतरलेला आक्रमक हिरवा होई. उभ्या पेटीत तर ट्यूब थेट दिसतच नसे. तिचे प्रतिबिंब अर्धपारदर्शक आरशात पडे आणि आरशामागे चंद्राचा रंगवलेला देखावा असे, त्यामुळे आक्रमक चंद्रावर तरंगताना दिसत. आपण गणपतीच्या मखरात मागे देखावा आणि पुढे दिवे लावतो, तीच ही कारागिरी आहे. नुसता प्रोग्रॅम वाचवणाऱ्याच्या हाती ना तो चंद्र लागतो, ना तो आरसा.

दहा मिनिटे उरल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा निगेचे आता भराभर सांगतो.

आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो आणि वाऱ्यात बारा महिने मीठ असते. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक जसे कळकते, तसेच यंत्रातले तांबे कळकते. जपानी यंत्रांत खेळाचा सर्किट बोर्ड पेटीला जोडणाऱ्या 'जॅमा' नावाच्या ठरीव जोडणीत 56 टोके असतात आणि बोर्डाची सगळी वीज त्यांतूनच जाते. टोके कळकली की सप्लायपाशी पाच व्होल्ट दिसतात, पण बोर्डावर पोचतात पावणेपाच, आणि खेळ मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होतो. म्हणून व्होल्ट नेहमी बोर्डावर मोजावेत. ती टोके खोडरबराने हलक्या हाताने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावीत. पॉलिशपेपर लावला तर वरचा सोन्याचा पातळ मुलामा निघून जातो. टाका देताना राळ कमी करू नये. कल्हईवाला नवसागर टाकतो तो ज्या कारणासाठी, त्याच कारणासाठी आपण राळ वापरतो: धातूवरचा गंज निघाल्याशिवाय कथील धरत नाही.

ट्यूबच्या ईएचटीला, म्हणजे उच्च दाबाच्या जोडणीला, वीस हजार व्होल्ट आणि वर असतात, आणि यंत्र बंद केल्यावरही ट्यूबमध्ये भार उरतो. तो अर्थला जोडलेल्या, इन्सुलेशनच्या मुठीच्या स्क्रू ड्रायव्हरने उतरवल्याशिवाय कुणीही आत हात घालू नये, आणि ज्याने हे काम आधी केलेले नाही त्याने जाणत्या मेकॅनिकलाच बोलवावे. पावसाळ्यात ट्यूबवरच्या रबरी टोपीभोवती चरचर ऐकू आली किंवा जांभळी झाक दिसली, तर तिथे मिठाची धूळ ओलावली आहे असे समजावे आणि यंत्र ताबडतोब बंद करावे.

लादीला घाम सुटतो, म्हणून पेटी जमिनीवर कधी टेकवू नये. खाली चार लाकडी ठोकळे आणि मागे भिंतीपासून वीतभर जागा असावी. आपण कपाटात कपड्यांसाठी लहान बल्ब लावतो, तसाच एक पेटीत चार महिने जळत ठेवावा. 'मिसाइल कमांड'सारख्या यंत्रात ट्रॅकबॉलखालचे, म्हणजे तळहाताने फिरवायच्या चेंडूखालचे, रूळ आणि बेअरिंग सगळ्यांत आधी गंजतात, ती जून लागण्यापूर्वी काढून, तेल देऊन बसवावीत. बोर्डावर बॅटरी असेल तर तिची तारीख लिहून ठेवावी. कॅपकॉम या कंपनीच्या 1993 पासूनच्या सीपीएस-टू बोर्डांत, सांकेतिक रूपात साठवलेला खेळ उलगडण्याच्या चाव्या बॅटरीवरच टिकतात, आणि ती संपली की बोर्ड सुरूच होत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, यंत्र झाकून ठेवू नये. आठवड्यातून दोनदा तासभर चालवले तर त्याच्याच उष्णतेने ते कोरडे राहते.

व्यासपीठाच्या डाव्या हाताला मी एक लहान यंत्र आणून ठेवले आहे. त्यात जुनी चौदा इंची ट्यूब आणि एक बंदूक आहे, आणि तुम्हाला दिसावे म्हणून नळीतला डोळा उजळला की पेटेल असा एक लाल दिवा मुठीवर जोडला आहे. लहान मुलांना आधी पुढे येऊ द्यावे. ट्यूब तापायला थोडा वेळ लागतो, तेवढ्यात कुणीतरी खिडक्यांचे पडदे ओढून घ्यावेत आणि वरचे दिवे मालवावेत.