ओल्या रस्त्यावरचा टायर

नमस्कार, श्रोतेहो.

टायर घ्यायला गेलेला माणूस बहुतेक वेळा एकच गोष्ट करतो. समोर उभ्या केलेल्या टायरच्या नक्षीवरून अंगठा फिरवतो, खाचा खोल आहेत ना एवढं बघतो आणि मान डोलावतो. गाडी जरा वेगवान असेल तर आणखी एक अट येते, टायर रुंद दिसला पाहिजे. मोठी रिम, बुटकी कड, एकूण थाट. आज बोलायचंय ते अशाच गाड्यांच्या टायरबद्दल, म्हणजे ताकदवान इंजिनाच्या, वळणाला चिकटून जाणाऱ्या गाड्यांच्या. आणि तेही पावसातल्या रस्त्यापुरतंच. कोरड्या रस्त्यावर या वर्गातला कुठल्याही बऱ्या कंपनीचा टायर सहसा तोंडघशी पाडत नाही. तिथले फरक शर्यतीच्या ट्रॅकवर घड्याळ लावून मोजावे लागतात. पाण्यात मात्र तेच फरक ब्रेक दाबल्याबरोबर कळतात.

ओला रस्ता दोन प्रकारचा असतो, हे आधी लक्षात घेऊ. एक, ज्यावर पाणी साचलंय तो. दुसरा, ज्यावर नुसती ओल आहे तो. टायरला या दोन्ही ठिकाणी निरनिराळं काम पडतं, आणि एका कामात हुशार असलेला टायर दुसऱ्यात ढ निघू शकतो.

साचलेल्या पाण्याचा हिशेब करू. टायरचा रस्त्याला टेकणारा पट्टा २२ सेंटिमीटर रुंद धरा, रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी धरा आणि गाडीचा वेग ताशी ८० किलोमीटर. त्या एका चाकाच्या वाटेत दर सेकंदाला सुमारे १५ लिटर पाणी येतं. रबराचा जो भाग रस्त्याला टेकतो त्याची लांबी वीतभरही नसते, त्यामुळे तिथलं पाणी हटवायला टायरला सेकंदाचा साधारण दोनशेवा हिस्सा मिळतो. एवढ्या वेळात पाणी खाचांमधून मागे किंवा बाजूला निघून गेलं तर ठीक. नाही गेलं तर ते चाकाच्या पुढ्यात दाटतं, चाकाला उचलतं, आणि पाण्यावर भिरकावलेला चपटा खडा जसा टप्पे घेत जातो तशी गाडी पाण्यावरून जायला लागते. यालाच अ‍ॅक्वाप्लेनिंग म्हणतात. स्टिअरिंग एकदम हलकं पडतं, इंजिनाचा आवाज चढतो आणि ब्रेकला काही उत्तर मिळत नाही. तेव्हा करण्यासारखं एवढंच, की पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून अलगद उचलायचा आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचं. त्या क्षणी चाक जोरात वळवलं तर टायर पुन्हा रस्त्याला लागताच गाडी भलतीकडे झेप घेते.

या प्रकाराचा पहिला पक्का अभ्यास मोटारींसाठी झाला नाही, विमानांसाठी झाला. पावसात धावपट्टीवर उतरणारी विमानं थांबेनात, म्हणून अमेरिकेच्या नासा संस्थेत वॉल्टर हॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केले. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालातलं सूत्र अजून शिकवलं जातं. रस्त्यावरचं पाणी खाचांना आवरेनासं झालं, की चाक कुठल्या वेगाला तरंगेल हे मुख्यतः त्यातल्या हवेच्या दाबावर ठरतं. मोटारीच्या भाषेत मांडायचं तर ३६ पीएसआय हवा असेल तर ताशी १०० किलोमीटरच्या आसपास, आणि हवा २५ वर आली असेल तर ८३ च्या आसपास. आजचे रुंद, बुटके टायर त्याआधीही तरंगू शकतात, तेव्हा हे आकडे काटेकोर समजू नका. पण ध्यानात घ्या, की नुसती हवा कमी असल्यामुळे सुरक्षित वेग ताशी १७ किलोमीटरने खाली आला. महागडा टायर घेऊन त्यात महिनोन् महिने हवा न बघणारे लोक मी पाहतो तेव्हा मला हेच सूत्र आठवतं.

आता नुसती ओल असलेला रस्ता. तिथे हटवण्याइतकं पाणीच नसतं. डांबरावर एक पातळ थर असतो, आणि पहिल्या सरीनंतर त्यात तेल, धूळ आणि रबराचा चुरा मिसळलेला असतो. इथे मोठ्या खाचांचा उपयोग थोडा. इथे कामाला येतं ते रबराचं मिश्रण, ज्याला टायरवाले कंपाउंड म्हणतात. रस्ता जवळून बघितला तर खडीचे बारीक बारीक कंगोरे दिसतात. रबर त्या कंगोऱ्यांमध्ये दबून शिरतं, बाहेर येताना लगेच मूळ आकाराला येत नाही, आणि या आळसातच पकड असते. रबर जितकं आळशी तितकी पकड चांगली, पण तितकंच ते चालताना तापतं आणि इंधनही जास्त खातं. कित्येक दशकं टायर बनवणारे या कात्रीत अडकले होते. मिश्रणातल्या काजळीच्या जागी सिलिका, म्हणजे वाळूपासून मिळणारी बारीक पांढरी पूड, वापरायला सुरुवात झाली आणि कात्री बरीचशी सुटली. मिशेलिनने १९९२ मध्ये सिलिकाचा टायर बाजारात आणला. सिलिकाचं मिश्रण ब्रेक लागताना होणाऱ्या वेगवान, सूक्ष्म हालचालींत आळशी वागतं आणि नुसतं गोल फिरताना चपळ. आज ओल्यात चांगले म्हणून नावाजलेल्या बहुतेक सगळ्या टायरमध्ये ती असते. अंगठा फिरवून मात्र ती कळत नाही.

मग कळतं कशावरून? युरोपात विकल्या जाणाऱ्या टायरवर २०१२ पासून एक लेबल असतं. २०२१ मध्ये ते बदललं आणि आता त्यावर ओल्या रस्त्यावरची पकड ए ते ई अशा पाच श्रेणींत दिलेली असते. ए श्रेणीचा टायर घ्या, हे मी डोळे झाकून सांगेन. पण ती श्रेणी कशी ठरते तेही ऐकून ठेवा. साधारण १ मिलिमीटर पाण्यावर, सरळ रेषेत, ताशी ८० वरून २० पर्यंत ब्रेक लावतात आणि एका ठरावीक टायरशी तुलना करतात. म्हणजे त्यात वळण नाही, आणि साचलेलं पाणीही नाही. ए मिळवलेला एखादा टायर पाण्याच्या डबक्यात मधल्या श्रेणीच्या टायरआधी तरंगू शकतो, आणि लेबल त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. अमेरिकेतली पद्धत आणखी ढोबळ आहे. तिथे टायरच्या बाजूवरच डबल ए, ए, बी, सी अशी अक्षरं कोरलेली असतात. तीही सरळ रेषेतल्या, चाक पूर्ण जाम करून घेतलेल्या ओल्या ब्रेकची. आजच्या जवळजवळ प्रत्येक गाडीत चाक जाम होऊ न देणारी एबीएस असताना ही चाचणी जरा जुनाटच वाटते. त्या अक्षरांशेजारी ट्रेडवेअरचा आकडा असतो, २००, ३००, ५०० असा. तो झिजेचा आकडा, पण कंपनी स्वतःच तो जाहीर करते, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे समोरासमोर ठेवण्यात फारसा अर्थ नाही.

म्हणून मोटार-मासिकांच्या तुलनात्मक चाचण्या वाचा. चांगल्या चाचणीत ओल्या रस्त्याची निदान चार वेगवेगळी मोजमापं असतात. ब्रेकचं अंतर, वळणांच्या ओल्या ट्रॅकवरची वेळ, सरळ रेषेत टायर कुठल्या वेगाला तरंगतो ते, आणि वळणावर पाणी असताना किती तग धरतो ते. पहिल्या दोन्हींत मुख्यतः रबर बोलतं, उरलेल्या दोन्हींत नक्षी. एकूण क्रमांकाकडे बघायचंच नाही, हे चार रकाने उघडायचे. तुमचा रोजचा रस्ता सपाट, वेगाचा आणि पाणी साचणारा असेल तर शेवटचे दोन रकाने. घाटवळणाचा आणि पाणी वाहून जाणारा असेल तर पहिले दोन. आणि चाचणी तुमच्याच मापाच्या टायरची आहे ना, तेही पाहा. एकाच नावाचा टायर १७ इंची आणि २० इंची मापात वेगळा वागतो. एवढंच काय, पोर्शे, बीएमडब्ल्यू, मर्सिडीजसारख्या कंपन्या आपल्या गाड्यांसाठी तोच टायर वेगळ्या मिश्रणाने बनवून घेतात. बाजूवर एन शून्य, चांदणी किंवा एम ओ अशी खूण दिसली तर तो त्यातला समजा.

ज्याची चाचण्यांत फारशी चर्चा होत नाही आणि मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, ते सांगतो. या सगळ्या चाचण्या बहुतेक कोऱ्या टायरवर होतात. कोऱ्या टायरची खाच ८ मिलिमीटरच्या आसपास असते. अनेक देशांच्या कायद्यात किमान मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, आणि त्याच उंचीचे रबराचे छोटे उंचवटे खाचांच्या तळाशी असतात. नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. हिशेब केला तर टायरचं वापरण्याजोगं अर्धं आयुष्य ४.८ मिलिमीटरच्या खाली जातं. तुम्ही विकत घेता तो टायर एक, आणि पुढच्या कुठल्यातरी मुसळधार पावसात ज्यावर बसलेले असता तो दुसराच. खोली निम्मी झाली की पाणी सामावायची जागाही निम्मी होते. शिवाय काही टायरच्या खाचा वर रुंद आणि तळाशी निमुळत्या असतात. ते झिजतात तशा खाचा अरुंदही होत जातात. म्हणून दुकानात अंगठा फिरवायचाच असेल तर खाचेच्या तळापर्यंत घाला आणि भिंती सरळ उतरतात का ते चाचपा. बारीक चिरा दिसतात त्याही कुठवर खोल गेल्यात ते बघा. काही चिरा टायर अर्धा झिजण्याआधीच नाहीशा होतात. युरोपात जुलै २०२४ पासून नव्या टायरच्या मंजुरीसाठी झिजलेल्या अवस्थेतली ओली पकडही तपासावी लागते, हे चांगलंच झालं. कायद्याचा आकडा १.६ असला तरी वेगवान गाडी पावसात चालवणाऱ्याने ३ मिलिमीटरला टायर बदलावा, या मताचा मी आहे.

झिजेचं मोजमाप एकाच जागी घेऊ नका. अशा गाड्यांची चाकं वरच्या बाजूने किंचित आत झुकवलेली असतात, वळणावर पकड मिळावी म्हणून. त्यामुळे टायरची आतली कड आधी झिजते, आणि ती बाहेरून दिसत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या टायरच्या आतल्या खांद्यावर हात फिरवा. बाहेरून ५ मिलिमीटर नक्षी दिसणारा टायर आतून गुळगुळीत निघतो, हे गॅरेजमध्ये काम करणाऱ्यांना नवीन नाही.

रुंदीबद्दल थोडक्यात सांगतो. २२५ मिलिमीटर रुंदीच्या जागी २५५ चा टायर घातला की त्याच्या वाटेत जवळजवळ १३ टक्के जास्त पाणी येतं, आणि गाडीचं वजन तेवढंच राहतं. थाटासाठी माप वाढवणाऱ्यांनी ही किंमत पावसात मोजायची तयारी ठेवावी. गाडीच्या कंपनीने दिलेल्या मापांतलं सगळ्यात अरुंद माप ओल्यासाठी बहुधा सगळ्यात शहाणं.

नक्षीच्या प्रकारांवर तासन् तास वाद घालता येईल. इंग्रजी व्ही अक्षरासारखी, एकाच दिशेने फिरणारी नक्षी पाणी दोन्ही बाजूंना छान फेकते. फक्त बाजूवरचा बाण बघून बसवा. उलटा बसवला तर पाणी बाहेर जायच्या ऐवजी मधोमध ओढलं जातं. आतली आणि बाहेरची बाजू वेगळी असलेली नक्षी आज या वर्गात जास्त दिसते. आतल्या बाजूला पाण्याच्या खाचा, बाहेरच्या बाजूला वळणासाठी भरीव ठोकळे. दोन्ही प्रकारांत चांगले टायर आहेत. टाळायचे ते अर्धे शर्यतीचे टायर, मिशेलिनच्या पायलट स्पोर्ट कप २ च्या जातीचे. रस्त्यावर चालवायला ते कायदेशीर असतात, कोरड्यात अफाट असतात, पण खाचा थोड्या आणि उथळ. साचलेल्या पाण्यात ते लवकर हार मानतात. थंडीही लक्षात घ्या. तापमान ७ अंशांच्या खाली गेलं की उन्हाळी टायरचं मिश्रण ताठरतं, आणि ओल्यात तो ताठरपणा दुप्पट भोवतो.

चारही टायर एकदम बदलणं परवडत नसेल आणि दोनच घेणार असाल, तर नवे मागे बसवा. इंजिन पुढच्या चाकांना जोर देणारं असलं तरीही. हे ऐकून पुष्कळ लोक वाद घालतात. जोर पुढे, स्टिअरिंग पुढे, ब्रेकचा भार पुढे, मग नवे टायर मागे कसे? त्याचं कारण असं. पुढची चाकं तरंगली तर गाडी वळायला नकार देते आणि सरळ जाते. पाय उचलला की बहुधा सावरते. मागची चाकं तरंगली तर गाडीची पाठ फिरते, आणि वेगात फिरलेली पाठ सावरणं कसलेल्या चालकालाही जमेलच असं नाही.

पैसे देण्याआधी टायरच्या बाजूवरचा चार आकड्यांचा शिक्का वाचा. २३२५ असेल तर तो २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. रबर पडून राहिलं तरी कडक होतं, तेव्हा सवलतीत मिळणारा जुना माल का स्वस्त आहे ते इथे कळतं. वेगाचं अक्षरही पाहा. व्ही म्हणजे ताशी २४०, डब्ल्यू म्हणजे २७०, वाय म्हणजे ३००. गाडीला सांगितलेल्या अक्षरापेक्षा खालचं घेऊ नका.

नवे टायर बसवल्यावर पहिले काहीशे किलोमीटर जरा जपून. साच्यातून निघताना लागलेला पातळ थर अजून त्यांच्या अंगावर असतो, आणि ओल्यात तो घसरडा असतो. हवा टायर थंड असताना मोजा, आणि आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवरचा घ्या. टायरच्या बाजूवर कोरलेला आकडा कमाल दाबाचा असतो, रोज भरायचा नव्हे.

नमस्कार.