ताडपत्री कुणी टाकायची होती?

तर मंडळी, विषय आहे अमेरिकन फुटबॉलचे प्लेऑफ (सीझनअखेरच्या बाद फेऱ्या) आणि पाऊस-चिखल. इथे न्यू जर्सीत बसून बोलायचं म्हणजे जेट्स या आपल्या टीमपासूनच सुरुवात करावी लागणार, आणि जेट्सचे फॅन असाल तर जरा दुखणार, त्याला इलाज नाही.

२३ जानेवारी १९८३. मायामीचं ऑरेंज बोल स्टेडियम, जेट्स विरुद्ध डॉल्फिन्स, जिंकेल तो थेट सुपर बोलला, म्हणजे लीगच्या फायनलला. (तेव्हा जेट्स न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये खेळायचे, आपल्याकडे ते १९८४ ला आले.) मॅचच्या आधी मायामीत धो धो पाऊस झालेला आणि मैदानावर ताडपत्रीच नाही, सगळं उघडं! जेट्सकडे फ्रीमन मॅकनील, त्या सीझनला अख्ख्या लीगमध्ये रशिंग यार्ड्समध्ये (बॉल घेऊन पळत कापलेल्या अंतरात) एक नंबर, शिवाय वेस्ली वॉकरसारखा सुसाट रिसीव्हर (पास झेलणारा), म्हणजे टीमची सगळी भिस्त स्पीडवर आणि पायाखाली काय तर नुसता राडा. हाफटाइमला ०-०. मग डॉल्फिन्सनी कसाबसा एक टचडाऊन (बॉल समोरच्या टोकाच्या रेषेपार नेणं) काढला, आणि चौथ्या क्वार्टरला त्यांच्याच ए. जे. डूहे नावाच्या लाइनबॅकरने (बचावातल्या खेळाडूने) जेट्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा, रिचर्ड टॉडचा पास मधल्यामध्ये पकडला आणि ३५ यार्ड पळत जाऊन दुसरा टचडाऊन. डूहेचं ते त्या दिवशीचं तिसरं इंटरसेप्शन, टॉडने एकूण पाच दिली. १४-०, विषय संपला.

जेट्सवाले भडकले, म्हणाले डॉल्फिन्सचे कोच डॉन शुलांनी मुद्दाम मैदान भिजू दिलं. शुलांनी हात झटकले. स्टेडियम शहराच्या मालकीचं, त्यामुळे ताडपत्री नक्की कुणी टाकायची होती हा वाद जुने लोक अजून घालतात.

आता यावर नेहमीचं उत्तर असतं की पाऊस काय, दोघांवर सारखाच पडतो. पडतो हो सारखा, पण बाधतो सारखा असं नाही ना! क्रिकेटमध्ये पाऊस आला की कव्हर्स येतात, खेळाडू आत जातात, आपण चहा टाकतो. इथे विजा कडाडल्या तरच खेळ थांबतो, नुसत्या पावसाने कुणी हलत नाही, त्यामुळे जमीन जशी असेल तशी दोन्ही टीम्सना तीन तास सोसावी लागते. रिसीव्हरला आपण कुठे वळणार हे आधीच माहीत असतं, डिफेंडरला त्याच्या मागोमाग वळायचं असतं, म्हणून ओल्या मैदानात पहिला घसरतो तो बहुतेक वेळा डिफेंडर. पण खूपच चिखल असला की कुणालाच वळता येत नाही, मग मॅकनीलसारखा झपाझप दिशा बदलणारा माणूस आणि सरळ नाकासमोर धडक मारणारा माणूस, दोघे एकाच भावात. किकरचं तर विचारूच नका, लाथ मारायच्या पायाकडे सगळे बघतात पण खेळ असतो दुसऱ्या पायाचा, तो रोवलेला पाय दोन इंच सरकला की बॉल गेलाच भलतीकडे. त्यात बॉल चामड्याचा, भिजला की जड होतो आणि हातातून सुळ्ळकन निसटतो.

याचं सगळ्यात भारी उदाहरण १९७७ चं, २६ डिसेंबर, लॉस एंजेलिस, प्लेऑफची मॅच. तिथल्या रॅम्सनी त्याच सीझनला व्हायकिंग्सना ३५-३ असं धुतलेलं, वर व्हायकिंग्सचा स्टार क्वार्टरबॅक फ्रॅन टार्केंटन पाय मोडून बसलेला. मग बदली आलेल्या बॉब लीने काय केलं, मैदान जरा बरं होतं तोवर पहिल्याच ड्राइव्हला (चढाईला) पास टाकून घेतले, टचडाऊन झाला, आणि नंतर चिखल वाढत गेला तसे नुसते पळत राहिले. १४-७ ने व्हायकिंग्स जिंकले. डोकं लागतं राव याला.

पण माझं म्हणणं असं की आपण उगाच आभाळाला शिव्या घालतो, निम्मा दोष जमिनीच्या व्यवस्थेचा असतो. १९६७ ची ग्रीन बेची ‘आइस बोल’ म्हणून गाजलेली मॅच घ्या, उणे २५ सेल्सिअस, आणि ग्रीन बेचे कोच विन्स लोम्बार्डींनी मैदानाखाली हौसेने इलेक्ट्रिक हीटिंग बसवून घेतलेलं! झालं काय, वर ताडपत्री होती, तिच्याखाली ओल धरली आणि ताडपत्री काढल्यावर ती ओल गोठून मैदान काचेसारखं झालं. किंवा २००७ चं पिट्सबर्ग, प्लेऑफ नव्हती ती पण सांगायलाच हवी, त्याच वीकेंडला तिथे शाळकरी पोरांच्या फायनल्स आणि कॉलेजची मॅच झालेली, मैदानाची वाट लागली म्हणून जुन्या गवतावरच नवीन गवताचे गालिचे अंथरले आणि वरून पाऊस. डॉल्फिन्सचा एक पंट (लाथेने लांब उडवलेला बॉल) आला तो टप्पा न घेता नाकावर जमिनीत रुतून उभाच राहिला! मॅच ३-०.

जानेवारीत गवत वाढत नाही हो, उखडलं की उखडलं. जानेवारी २०१३ मध्ये वॉशिंग्टनच्या असल्याच मैदानावर त्यांचा क्वार्टरबॅक रॉबर्ट ग्रिफिनचा गुडघा गेला, आधीच दुखावलेला होता हे मान्य, पण त्याच मॅचमध्ये सिअ‍ॅटलच्या क्रिस क्लेमन्सचंही लिगामेंट फाटलं, त्याचं काय?

आणि ज्यांना अजूनही पाऊसच दोषी वाटतो त्यांच्यासाठी फेब्रुवारी २०२३ ची सुपर बोल. अ‍ॅरिझोना, वाळवंट, वर छप्पर, पावसाचा थेंब नाही, आणि तरी खेळाडू धडाधड पडतायत, ईगल्सचे लोक मधेच शूज बदलतायत. जॉर्ज टोमा, वय ९४, पहिल्यापासून प्रत्येक सुपर बोलच्या मैदानावर राबलेला माणूस, नंतर सरळ म्हणाला की गवताला नको तेवढं पाणी मारलं आणि ऊन न दाखवता आत आणलं. ईगल्सनी त्या सीझनला ७० सॅक्स केलेल्या, म्हणजे समोरच्या क्वार्टरबॅकला सत्तर वेळा लोळवलेलं, आणि त्या रात्री कॅन्सस सिटीच्या क्वार्टरबॅकला, महोम्सला, एकदाही पाडता आलं नाही. त्याची राखण करणारी कॅन्सस सिटीची लाइन जबरदस्त खेळली हे खरंच, पण निसरड्यावर जोर लावायचा तर पाय रोवायचा कुठे? ३८-३५ ने हरले बिचारे.