टाकी निघाली, पेट्रोल उरलं

मंडळी, नमस्कार. पेट्रोल पंपाची जमिनीखालची टाकी गळली, की टाकी काढल्यावरही माती-पाण्यात काय उरतं, हे सांगायला आज मी अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहराचं उदाहरण घेणार आहे. समुद्राकाठचं हे शहर पिण्याच्या पाण्यासाठी बरंचसं स्वतःच्या विहिरींवर अवलंबून होतं. १९९५-९६ मध्ये चार्नॉक भागातल्या विहिरींत एमटीबीई नावाचं रसायन सापडलं. एका विहिरीत तर लिटरमागे ६१० मायक्रोग्रॅम (मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग). १९९६ मध्ये विहिरी बंद कराव्या लागल्या, शहराचं जवळपास निम्मं पाणी गेलं आणि बाहेरून विकत पाणी घेण्याची वेळ आली. शुद्धीकरण केंद्र उभं राहून त्या विहिरींचं पाणी पुन्हा नळाला यायला पंधरा वर्षांच्या आसपास काळ लागला.

हे रसायन आलं आसपासच्या पेट्रोल पंपांखालून. अमेरिकेत एमटीबीई १९७९ पासून शिशाच्या ऐवजी पेट्रोलमध्ये वापरायला लागले. १९९० च्या हवा-कायद्यानंतर पेट्रोल अधिक स्वच्छ जळावं म्हणून त्याचं प्रमाण खूप वाढलं, ठिकठिकाणी पेट्रोलच्या ११ टक्क्यांपर्यंत. हेतू चांगला होता, धूर कमी करण्याचा. पण टाक्या गळत होत्या, आणि गळणाऱ्या टाकीत काय भरलं जातंय याचा विचार हवेचा कायदा करणाऱ्यांनी पुरेसा केला नव्हता.

आता एक हिशेब करू. दहा लिटर पेट्रोलमध्ये एमटीबीई लिटरभराहून थोडं जास्त, म्हणजे वजनाने पाऊण किलोच्या आसपास. कॅलिफोर्नियाने पिण्याच्या पाण्यात त्याची आरोग्यासाठीची मर्यादा लिटरला १३ मायक्रोग्रॅम ठरवली. भागाकार केला तर दहा लिटर पेट्रोल साडेपाच कोटी लिटरहून जास्त पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकतं. चव आणि वास तर त्याहून कमी प्रमाणातच जाणवतो, म्हणून त्यासाठीची मर्यादा ५ मायक्रोग्रॅमची.

जुनी टाकी काढतात तेव्हा आधी उरलंसुरलं इंधन उपसतात, वाफा पेटू नयेत म्हणून आत ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) किंवा नायट्रोजन सोडतात आणि मग क्रेनने धूड वर घेतात. याच वेळी बुडाखालची माती, आणि विशेषतः नळांच्या सांध्यांखालची माती, तपासायला घ्यायची असते. खड्डा बुजवायची घाई इथेच महागात पडते.

कारण सांडलेलं पेट्रोल जमिनीत एका जागी राहत नाही. काही मातीच्या कणांना चिकटतं, काही वाफ होऊन मातीच्या पोकळ्यांत भरतं, काही पाण्याहून हलकं म्हणून भूजलावर तरंगतं, आणि काही विरघळून पाण्याबरोबर चालू लागतं. पाणीपातळी वर-खाली झाली की तरंगणारा थर मातीला फासला जातो. अशी फासलेली माती वर्षानुवर्षं थोडं थोडं पेट्रोल पाण्यात सोडत राहते. म्हणूनच पाणी उपसून शुद्ध करणारे पंप बंद केले की काही महिन्यांत आकडे पुन्हा चढलेले दिसतात. या एका गोष्टीने कित्येक सफाया 'पूर्ण' म्हणून जाहीर झाल्यावर परत उघडाव्या लागल्या आहेत.

वरच्या मातीवर उपाय सोपा: ती खणून काढा, किंवा नळ्या घालून वाफा शोषून घ्या. भूजलात हवा फुंकली की पेट्रोलचे घटक उडतात आणि जिवाणूंना ऑक्सिजन मिळतो. जिवाणूंचं काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं. बेन्झीन, म्हणजे पेट्रोलमधला एक विषारी घटक, ते खातात. ऑक्सिजन संपला तर नायट्रेट, लोह, सल्फेट यांवर काम चालवतात, फक्त हळू. कॅलिफोर्नियातल्या शेकडो जागांच्या अभ्यासात १९९५ मध्ये दिसलं, की भूजलात पसरलेला बेन्झीनचा पट्टा बहुतेक ठिकाणी टाकीपासून शंभर मीटरच्या आतच थांबतो. त्यावरून अनेक ठिकाणी खोदकाम थांबवून नुसती देखरेख ठेवायचं ठरलं, आणि ते योग्यही होतं.

एमटीबीईला मात्र हा नियम लागू पडला नाही. ते मातीला फारसं चिकटत नाही, पाण्यात सहज विरघळतं, जिवाणूंना पटकन पचत नाही, आणि कार्बनच्या गाळणीतही चांगलं अडकत नाही. त्याच टाकीतून, त्याच भोकातून गळलेलं, पण बेन्झीन थांबतं तिथून हे पुढे निघतं. २००३ च्या अखेरीस कॅलिफोर्नियाने पेट्रोलमध्ये त्याचा वापर बंद केला.

आपल्याकडे हा विषय दोन कारणांनी जवळचा आहे. पहिलं कारण आपला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. वाळूत पेट्रोलचा पट्टा साधारण एका दिशेने जातो. बेसाल्टमध्ये पाणी भेगांमधून आणि मुरमाच्या थरातून वाट काढतं, त्यामुळे टाकीशेजारची बोअर स्वच्छ आणि दूरची बाधित, असं होऊ शकतं. त्यात उन्हाळा आणि पावसाळा यांच्यात विहिरींची पातळी कित्येक मीटर हलते, म्हणजे फासलेला थर तेवढाच जाड. दुसरं कारण इथेनॉल. आता आपल्या पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल स्वतः जिवाणूंना आवडतं, लवकर संपतं. पण ते खाताना जिवाणू आजूबाजूचा ऑक्सिजन संपवून टाकतात, बेन्झीन मागे राहतं आणि त्याचा पट्टा लांबतो. शंभर मीटरचा तो दिलासा जुन्या पेट्रोलवरून आलेला आहे. तो तसाच उचलून इथे वापरू नये.

तेव्हा तुमच्या गावात पंपाची टाकी बदलणार असतील, तर खोदाईच्या आधीच आसपासच्या विहिरी-बोअरचं पाणी तपासून घ्या, आणि नंतर पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर असं दोन्ही वेळा तपासा. नेहमीच्या तपासणीत क्षार, फ्लोराइड, नायट्रेट, जंतू पाहतात. बेन्झीनची चाचणी वेगळी सांगावी लागते. नमुना काचेच्या बाटलीत काठोकाठ भरायचा, आत हवेचा बुडबुडा ठेवायचा नाही, आणि बर्फात ठेवून लगेच प्रयोगशाळेत पोचवायचा, नाहीतर बेन्झीन वाटेतच उडून जातं आणि अहवालात पाणी चांगलं दिसतं.