तीन देशांची तिकटी

(दृश्य: सामायिक स्वयंपाकघर. फ्रिजचं दार उघडतं. मधल्या खणात दुधाचा रिकामा डबा.)

दूध संपलंय. रविवारची सकाळ आहे, आणि जर्मनीत रविवारी किराण्याची दुकानं बंद असतात.

स्टेशनातलं दुकान उघडं असतं, पण तिथला भाव मला परवडणारा नाही. व्हिसासाठी मी वर्षाचे 11,904 युरो आधीच ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ठेवून आलेय. त्यातले महिन्याला 992 हातात येतात. खोलीचं भाडं, आरोग्य विमा, फोन आणि जेवणखाण सगळं त्यातच बसवायचं असतं.

रविवारची ही सुट्टी इथल्या राज्यघटनेत आहे. 1919 च्या, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरच्या, वायमार राज्यघटनेतलं रविवारच्या विश्रांतीचं कलम आजच्या जर्मन घटनेनं जसंच्या तसं स्वीकारलंय. भिंतीत ड्रिल मारायचं नाही. काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या पेटीत टाकायच्या नाहीत, कारण त्या खळकन आवाज करतात. पहिल्या महिन्यात मला ही शांतता खायला उठायची. निपाणीत रविवारी सकाळी दारावर भाजीवाली ओरडते, शेजारी कुकरच्या शिट्ट्या होतात. इथं फक्त चर्चची घंटा वाजते, आणि ती थांबली की काहीच ऐकू येत नाही.

मग एकदा शेजारच्या खोलीतल्या इराणी मैत्रिणीनं सांगितलं, "दूध हवंय ना? फाल्सला जा."

फाल्स नेदरलँड्समध्ये आहे. दुसऱ्या देशात.

(दृश्य: बसची खिडकी. विटांची घरं, सायकलवाले. गाड्यांच्या पिवळ्या नंबरप्लेट दिसू लागतात.)

माझं शहर आखेन. जर्मनीच्या पश्चिम टोकाला. शार्लमेन राजानं बाराशे वर्षांपूर्वी इथं राजधानी केली ती गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी. तो 814 साली इथंच वारला, त्याच्या अस्थी इथल्या कॅथेड्रलमध्ये आहेत. झरे अजून वाहतात. गावाच्या मध्यभागी एलिझेनब्रुनेन या झऱ्याच्या कारंज्याशी गेलं की गंधकाचा वास येतो. मी धातुशास्त्राची विद्यार्थिनी, 1870 साली सुरू झालेल्या इथल्या तंत्रविद्यापीठात शिकते.

शहराची साधी बस फाल्सला जाते. देश बदलला हे सांगायला कुणी येत नाही. नंबरप्लेट पांढऱ्याच्या पिवळ्या होतात, पाट्यांवरची भाषा बदलते आणि खिशातला फोन थरथरतो: नेदरलँड्समध्ये स्वागत. फाल्सचं दुकान रविवारी उघडं असतं, आणि आत निम्मे लोक जर्मन बोलत असतात. तेही आखेनहून दूध, अंडी, पाव न्यायला आलेले.

त्या रात्री आईला फोनवर सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "दूध आणायला दुसऱ्या देशात गेल्तीस? आणि कुणी अडवलं न्हाई?"

अडवलं नाही हे तिला पटेना. का पटेना, ते निपाणीच्या माणसाला सांगावं लागत नाही.

(दृश्य: जुना फोटो. एसटीच्या खिडकीशी बसलेली कॉलेजातली मुलगी.)

माझं गाव सीमाभागात. 1 नोव्हेंबर 1956 ला निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली. आमच्या घरात मराठी, शाळेत कन्नडही शिकले, आणि ती भाषा मला आवडते. इंजिनिअरिंगला मी रोज कोल्हापूरला जायचे, साधारण 40 किलोमीटर. वाटेत दोन राज्यांच्या सीमेवरचा कोगनोळीचा नाका. एरवी तिथं काही कळत नाही. पण सीमाप्रश्न तापला की एसटी तिथवरच येते, पुढं जात नाही. परीक्षेच्या दिवशी अर्ध्या वाटेत उतरून, सामान डोक्यावर घेऊन पलीकडची गाडी शोधणारी माणसं मी पाहिलीत. 1 नोव्हेंबरला गावात एका गल्लीत राज्योत्सवाचे झेंडे आणि दुसऱ्या गल्लीत काळ्या फिती असतात.

म्हणून मला सीमा बघायला आवडतात. फाल्सहून दूध घेऊन परत यायचं सोडून, पिशवी पाठीवर टाकून मी डोंगर चढायला लागले.

(दृश्य: जंगलातली पायवाट. बीचची उंच झाडं. वर मोकळी जागा, मध्ये दगडी खांब.)

डोंगर म्हणायचा तो नावाला. फाल्सरबेर्खची उंची सुमारे 322 मीटर. आपल्याकडे याला टेकडी म्हणतील, पण युरोपातल्या नेदरलँड्सचं हेच सर्वात उंच ठिकाण. वर एक दगड आहे. त्या दगडापाशी जर्मनी, नेदरलँड्स आणि बेल्जियम एकत्र येतात. कोल्हापुरात तीन रस्ते मिळतात त्या जागेला तिकटी म्हणतात. मिरजकर तिकटी सगळ्यांना माहीत आहे. ही तीन देशांची तिकटी. लहान मुलं दगडाभोवती गोल धावतात आणि दर फेरीत तीन देश फिरून येतात. मीही धावले, पाठीवर दोन लिटर दूध घेऊन.

पण इथं चौथाही एक होता. फाल्सहून वर येणाऱ्या रस्त्याचं नाव आजही 'चार सीमांचा रस्ता' असं आहे.

ती गोष्ट जस्ताची आहे, म्हणून मला ती जास्तच जवळची. नेपोलियन हरला, 1815 नंतर नकाशे नव्यानं आखले गेले. इथून जवळच्या केल्मिस गावात जस्ताच्या खनिजाची मोठी खाण होती. आपल्या बादलीवर, छपराच्या पत्र्यावर ज्याचा मुलामा असतो तेच हे जस्त. प्रशियाला, म्हणजे तेव्हाच्या मोठ्या जर्मन राज्याला, ती खाण हवी, नेदरलँड्सलाही हवी. कुणीच सोडेना. तेव्हा 1816 मध्ये ठरलं की खाणीभोवतीचा जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरचा तुकडा कुणा एकाचाच नाही. त्याचं नाव न्यूट्रल मोरेस्नेट. पुढं 1830 मध्ये बेल्जियम वेगळा झाला आणि या दगडापाशी चार सीमा भिडल्या.

शंभर वर्षं हा तुकडा तसाच राहिला. अडीचशे वस्तीचं गाव वाढत साडेचार हजारांवर गेलं. 1908 मध्ये तिथल्या डॉक्टर विल्हेल्म मॉली यांनी तर या तुकड्याला एस्पेरांतो या मुद्दाम तयार केलेल्या जागतिक भाषेचं राज्य करायचं ठरवलं. नावही ठरलं, 'आमिकेयो'. अर्थ, मैत्रीची जागा. मग पहिलं महायुद्ध आलं. 1920 मध्ये व्हर्सायच्या तहानं तो तुकडा बेल्जियमचा झाला.

(दृश्य: उतरणीची वाट. कुरणात छोटी पिवळी फुलं.)

मी डोंगर पलीकडच्या बाजूनं उतरून केल्मिसला गेले. खाण बंद होऊन शतकाहून जास्त काळ लोटला, पण मातीत जस्त उरलंय. बहुतेक झाडांना ते विष. तरी एक पिवळं व्हायोलेट नेमकं असल्या मातीत वाढतं. वर्गात आम्ही जस्त तक्त्यात आणि भट्टीत बघतो. इथं ते फुलाच्या रूपानं पायाशी होतं. मी वाटेवर बसून त्याचे पंधरा-वीस फोटो काढले.

गावाच्या पाटीवर दोन नावं. जर्मनमध्ये केल्मिस, फ्रेंचमध्ये ला कालामिन. बेळगाव आणि बेळगावी अशा दोन नावांत मी वाढले, त्यामुळे त्या पाटीपुढं जरा थांबलेच. बेकरी उघडी होती. काउंटरमागची बाई माझ्याशी जर्मन बोलली, मागच्या गिऱ्हाइकाशी फ्रेंच, आणि टोपीवाल्या आजोबांशी गावची बोली, जी मला एक अक्षर कळली नाही. बोलता बोलता ती पाव कापत होती, भाषा बदलताना तिचा हात थांबत नव्हता. निपाणीच्या बाजारात मराठी, कन्नड आणि उर्दू अशीच एका दमात बोलली जाते.

याच भागातलं ऑयपेन हे गाव 1920 मध्येच जर्मनीकडून बेल्जियमकडे गेलं. लोकांना विचारलं गेलं म्हणे, पण गुप्त मतदान नव्हतं. ज्याचा विरोध असेल त्यानं वहीत उघडपणे नाव लिहून सही करायची. फारच थोड्यांनी केली. ऑयपेनची माणसं आपली जर्मन भाषा घेऊन दुसऱ्या देशात राहिली. दुसऱ्या महायुद्धात हिटलरनं तो भाग परत ओढला, युद्धानंतर तो पुन्हा बेल्जियमचा झाला. आज तिथं जर्मन भाषकांचं स्वतःचं 25 सदस्यांचं विधिमंडळ आहे, शाळा जर्मनमधून चालतात. हे वाचलं त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नव्हती. आपल्याकडे हे का होऊ शकलं नाही, असं राहून राहून मनात येत होतं.

इथंही सगळं आपोआप झालेलं नाही. आखेनच्या बाहेर शेतात काँक्रीटच्या सुळ्यांची रांग अजून उभी आहे, रणगाडे अडवायला बांधलेली. ऑक्टोबर 1944 मध्ये हे शहर दोस्तसैन्यानं घेतलं तेव्हा ते ढिगाऱ्यात होतं. युद्धानंतर कॉफीवर इतका कर होता की लोक याच जंगलातून, रात्री, बेल्जियमची कॉफी पाठीवर लादून चोरून आणायचे. मुलंसुद्धा. काहीजण गोळी लागून मेले. 1953 मध्ये कर घटला तेव्हा ते थांबलं. सीमेवरची तपासणी काढून टाकायचा शेंगेनचा करार 1985 चा, आणि नाक्यावरची तपासणी प्रत्यक्षात उठली 1995 मध्ये.

(दृश्य: संध्याकाळ. बस रस्त्याकडेला थांबलेली. निळा दिवा.)

सप्टेंबर 2024 पासून जर्मनीनं आपल्या सगळ्या जमिनी सीमांवर पुन्हा तपासणी सुरू केलीय. एका रविवारी परतताना आमची बस थांबली. दोन पोलीस चढले. त्यांनी माझं रहिवासाचं कार्ड मागितलं, पासपोर्ट पाहिला, आभार मानून परत दिला. सगळं दोन मिनिटांत. पण बसमध्ये कागद फक्त आम्हा तिघांकडे मागितले होते, आणि तिघंही सावळे होतो. शेजारच्या आजी पोलीस उतरल्यावर माझ्या हातावर हात ठेवून बसल्या. त्यांच्या थांब्यापर्यंत त्यांनी तो काढला नाही.

(दृश्य: स्वयंपाकघर. पातेल्यात चहा उकळतोय, आलं किसलं जातंय.)

घरची चहापूड, आशियाई दुकानातलं आलं, नेदरलँड्सचं दूध. इराणी मैत्रीण बिनदुधाचा पिते, आमच्याच घरात राहणारा, जवळच्या आयफेल डोंगरभागातला मुलगा तीन चमचे साखर घालतो. ओट्यावर बेल्जियमचा पाव. आईचा फोन येतो. हिवाळ्यात ती साडेचार तास पुढं असते, म्हणजे तिकडं जेवणं आटोपलेली असतात.

"आज कुठं गेल्तीस?"

"तिकटीवर."

एक गोष्ट मात्र अजून सीमा ओळखते. फाल्सहून मी संत्र्याच्या सरबताचा कॅन आणते, त्यावर 15 सेंट अनामत असते. रिकामा कॅन दिला की पैसे परत. आखेनच्या दुकानातल्या मशीनमध्ये तो टाकला, की मशीन तो गोल फिरवून वाचतं आणि परत बाहेर ढकलतं. जर्मन कॅनवर 25 सेंट असतात, आणि दुसऱ्या देशाचा कॅन त्याला चालत नाही.

म्हणून दाराच्या खुंटीला एक पिशवी टांगलीय. त्यात चार रिकामे कॅन झालेत. येत्या रविवारी फाल्सला नेईन, दूधही संपत आलंय.