ख्रिसमसच्या दिवशी भरणारी शाळा

श्रोतेहो, नमस्कार.

थायलंडमध्ये 25 डिसेंबरला सरकारी सुट्टी नसते. शंभरातले नव्वदहून अधिक लोक बौद्ध, ख्रिस्ती अगदी मोजके. तरी त्या दिवशी कित्येक शाळांमध्ये मुलं लाल टोप्या घालून येतात आणि पटांगणात ‘जिंगल बेल्स’ वाजत असतं. याचं कारण असं, की हा कार्यक्रम चर्चचा नसून शाळेच्या इंग्रजी विभागाचा असतो. 1996पासून तिथे पहिलीपासून इंग्रजी सक्तीचं आहे. पुस्तकातलं इंग्रजी वर्षातून एकदा तरी मुलांच्या तोंडी यावं, म्हणून शाळा ख्रिसमसचा दिवस धरतात. परदेशी शिक्षक असला की हे काम ओघानंच त्याच्याकडे येतं. ईसानमध्ये, म्हणजे देशाच्या ईशान्य भागात, खोन काएन प्रांतात मी इंग्रजी शिकवत होते, तेव्हा ते माझ्याकडे आलं.

तयारी सुरू होते थर्माकोलपासून. आपल्या गणपतीच्या मखरांसाठी यायचे तसेच मोठे ताव. एक चित्रकला शिक्षक मांडी घालून जमिनीवर बसायचे आणि हातभर उंचीची इंग्रजी अक्षरं कापायचे. प्रत्येक अक्षराला गोंद, त्यावर चंदेरी चमकी. चिकटवण्याआधी सगळी अक्षरं फरशीवर ओळीनं मांडून मला हाक मारायचे, स्पेलिंग तपासायला. मागच्या पडद्यावर एकदा चिकटलं की अख्खं गाव ते वाचणार, याची त्यांना पुरेपूर जाणीव होती.

खरा प्रश्न असतो, त्या पडद्यासमोर बोलणार कोण? अशा कार्यक्रमांत तीन-चार हुशार मुलं लांबलचक भाषण घोकून म्हणतात आणि बाकीची शाळा टाळ्या वाजवते. मला हे मुळीच पटत नाही. ईसानमधलं मूल घरी लाओच्या जवळची बोली बोलतं, शाळेत थाई शिकतं आणि इंग्रजी त्याच्या वाट्याला तिसरी भाषा म्हणून येते. त्याला टाळ्या वाजवायला बसवून ती कशी येणार? म्हणून आमच्या विभागप्रमुख बाईंशी बोलून आम्ही भाषणं कमी केली आणि खेळांची टेबलं वाढवली. टेबल मुलांनीच सांभाळायचं, आणि तिथे इंग्रजीतच बोलायचं. वाक्यं चार-पाचच, पण रोज लागणारी.

सहावीतला एक मुलगा वर्गात तोंड म्हणून उघडत नसे. त्याच्याकडे रिंगा टाकायचा खेळ दिला. समोर थंड पेयांच्या बाटल्या, हातात प्लास्टिकच्या रिंगा. ‘थ्री रिंग्ज, प्लीज स्टँड हिअर, वन मोअर?’ एवढंच त्याला बोलायचं होतं. पहिल्या काही गिऱ्हाइकांना तो खाली बघूनच सांगत होता. मग एका दांडगट पोरानं रेघेच्या पुढे पाय टाकला आणि हा एकदम ओरडला, ‘नो! स्टँड हिअर!’ त्यानंतर त्याला थांबवणं कठीण होतं. दुपारपर्यंत त्याचा घसा बसला होता.

गाण्याचंही तसंच. थाई भाषेत शब्दाच्या शेवटी ‘स्’ उच्चारत नाहीत, त्यामुळे मुलांच्या तोंडून शेवटचा ‘स्’ एकतर गळतो, नाहीतर त्याचा ‘त्’ होतो. वर्गात फळ्यासमोर हे सुधारायला गेलं की मुलं लाजतात. ‘बेल्स’मधला तो ‘स्’ सगळ्या शाळेनं मिळून लांबवायचा म्हटल्यावर त्याचाच खेळ झाला. 1857 साली छापल्या गेलेल्या या गाण्यात ख्रिसमसचा किंवा येशूचा उल्लेखच नाही, आहे ती बर्फातली घोडागाडी. बौद्ध मुलांच्या शाळेत ते सहज चालतं, त्याचं हेही एक कारण असावं.

पण मी वसईची. आमच्याकडे नाताळ म्हणजे मध्यरात्रीची मिस्सा, अंगणात पोरांनी रचलेला गोठा, शेजारच्या घरातून येणारं फराळाचं ताट. ज्यांचा हा सण आहे त्यांचं नावही न घेता नुसत्या लाल टोप्या घालणं मला बरोबर वाटेना. बाईंनी सकाळच्या सभेत पाच मिनिटं दिली. बेथलेहेम, सरायमध्ये जागा नाही, गव्हाणीत ठेवलेलं बाळ, असं सोप्या इंग्रजीत मी सांगितलं आणि बाईंनी थाईत. लुंबिनीतल्या जन्माची गोष्ट ऐकत वाढलेली ती मुलं. त्यांनी फार मन लावून ऐकलं. एका मुलीनं विचारलं, बाळाला थंडी नाही वाजली? डिसेंबरात ईसानमध्येही पहाटे चांगलंच गारठतं. एवढीच ओळख पुरे. त्यापुढे जाऊन उपदेश करणं हे पाहुण्या शिक्षकाचं काम नाही.

तुमच्यापैकी कुणी अशा नोकरीवर जाणार असाल, तर नोव्हेंबरमध्येच विभागप्रमुखांना विचारा, की यंदा प्रत्येक वर्गातून किती मुलं बोलणार आहेत. सूत्रसंचालन स्वतःकडे घेऊ नका. तुम्हाला ते हमखास देऊ करतील. आणि तालमीसाठी सकाळची वेळ मागून घ्या. आठ वाजता राष्ट्रगीत होतं, तेव्हा सगळी शाळा पटांगणातच असते.

नमस्कार.